हवाईयन शर्ट: मोठ्या मापाचे जादा पैसे किती रास्त?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेश मंडळाचे कार्यकर्ते, हळदीचा कार्यक्रम, कॉलेजची सहल, गोव्याला निघालेली मित्रमंडळी अशा निमित्तांनी एकसारखे फुलाफुलांचे हवाईयन शर्ट ऑनलाइन छापून मागवण्याची पद्धत सांगली-मिरजेत आणि साताऱ्याकडेही आता चांगली रुळली आहे. मागवताना मात्र एक गोष्ट हमखास खटकते. जाहिरातीत ७९९ रुपये दिसतात. डिझाइन निवडून, नावे टाकून, पत्ता भरून झाल्यावर टू एक्सएलला दीडशे, थ्री एक्सएलला अडीचशे आणि त्यापुढे चारशेपर्यंत जादा रक्कम बिलात येते. विचारले तर एकच उत्तर मिळते, मोठ्या मापाला कापड जास्त लागते. कापड जास्त लागते हे खरेच आहे. पण किती जास्त, आणि त्याचे पैसे किती होतात, हे कोणी सांगत नाही. कापड, कटिंग आणि छपाईच्या धंद्यात असल्यामुळे हा हिशेब आमच्या रोजच्या कामाचा आहे. तो ग्राहकांनाही कळावा, म्हणून हे पत्र.

अर्ध्या बाहीचा, सैल बेताचा शर्ट ५८ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एकट्याने कापला तर एस मापाला साधारण १.३० मीटर, एमला १.४०, एलला १.५०, एक्सएलला १.६०, टू एक्सएलला १.७५ आणि थ्री एक्सएलला १.९० मीटर कापड धरावे लागते. म्हणजे एम आणि थ्री एक्सएलमध्ये फरक अर्ध्या मीटरचा. कापड आणि त्यावरची डिजिटल छपाई मिळून मीटरला २२० रुपये पडतात असे धरू. दर कापडाप्रमाणे खाली-वर होईल, हिशेबाची रीत बदलत नाही. या दराने एमचे कापड ३०८ रुपयांचे आणि थ्री एक्सएलचे ४१८ रुपयांचे. फरक ११० रुपये. शिलाईत शिवण थोडी लांब जाते, त्याचे दहा रुपये धरा. काज-बटण, लेबल आणि पिशवीचे ३५, छपाईची फाईल तयार करण्याचे ६० आणि कुरिअरचे ७० रुपये धरले तर ते दोन्हींना सारखेच. एमची शिलाई १२० धरून एम ५९३ रुपयांत तयार होतो, थ्री एक्सएल ७१३ रुपयांत. खरा फरक १२० रुपयांचा.

मग अडीचशे कुठून येतात? बरेच विक्रेते खर्चाला ठरावीक पटीने गुणतात. ही पट दोनची आहे असे धरू. ५९३ ची दुप्पट ११८६, ७१३ ची दुप्पट १४२६, फरक २४०. खर्चातला १२० रुपयांचा फरक असा आपोआप दुप्पट होतो. आता त्या वरच्या १२० रुपयांत विक्रेत्याने काय जास्त केले? वेबसाइटचा खर्च तोच, जाहिरात तीच, डिझाइन करणारा माणूस तोच, ऑर्डर घेणाराही तोच. माप मोठे म्हणून यातले काहीही वाढले नाही. कापड वाढले, त्याचे पैसे आधीच धरले आहेत. आमच्या मते इथेच अन्याय होतो. कापडाच्या वाढीव खर्चावर नफ्याची टक्केवारी लावायला काहीही आधार नाही.

आपल्याकडच्या शिंप्यांची जुनी रीत या बाबतीत एकदम सरळ होती आणि आजही आहे. अंगाने मोठ्या माणसाला शिंपी सांगतो, दोन मीटरऐवजी सव्वादोन आणा. शिलाई मात्र सगळ्यांना एकच. ज्याला कापड जास्त लागते त्याने कापडाचे जास्त द्यायचे, मेहनतीचे मोल अंगावर ठरत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांनी एवढीच रीत पाळली तरी तक्रारीला जागा उरणार नाही.

कुरिअरचे कारणही काही ठिकाणी पुढे केले जाते. १३० जीएसएमच्या (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या) रेयॉनचा एम मापाचा शर्ट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, थ्री एक्सएल अडीचशेच्या आतच राहतो. कुरिअरचा पहिला टप्पा सहसा अर्ध्या किलोचा असतो. दोन्ही शर्ट त्यातच बसतात.

मोठे माप खरोखर महाग पडते अशी एक जागा आहे, ती लपवण्याचे कारण नाही. सबलिमेशनमध्ये चित्र आधी कागदावर छापतात आणि तापलेल्या प्रेसखाली ते पॉलिस्टरच्या कापलेल्या तुकड्यावर उतरवतात. प्रेसचा पाट ८० बाय १०० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण साडेएकतीस बाय एकोणचाळीस इंचांचा असेल, तर ५६ इंची छातीच्या थ्री एक्सएलची पाठ शिवणमार्जिनसह ३० इंच रुंद होते आणि आरामात बसते. ६४ इंची छातीच्या फाइव्ह एक्सएलची पाठ ३४ इंचांवर जाते, ती बसत नाही. मग दोनदा दाबावे लागते, मधे जोडाची रेघ दिसण्याचा धोका असतो, एखादा तुकडा वायाही जातो. अशा ठिकाणी जादा पैसे मागणे बरोबर आहे. पण ज्यांच्याकडे रोलर कॅलेंडर मशीन आहे, तिथे कापड सलग फिरत जाते आणि ही अडचण येतच नाही. म्हणून मोठ्या मापाचे जादा पैसे सांगितले की ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा: छपाई प्रेसवर होते की रोलरवर? उत्तर देता आले नाही तर ती रक्कम अंदाजे लावलेली आहे असे खुशाल समजावे.

मंडळांसाठी आणि मोठ्या ग्रुपसाठी याहून सोपा मार्ग आहे. तीस शर्टांची ऑर्डर घ्या: एस चार, एम नऊ, एल नऊ, एक्सएल पाच, टू एक्सएल दोन, थ्री एक्सएल एक. वरच्या मापांनी एकूण कापड ४४.७ मीटर लागते, म्हणजे सरासरी शर्टामागे १.४९ मीटर. एल मापाला लागते १.५० मीटर. याचा अर्थ विक्रेत्याने सगळ्या तीस जणांना एलचा एकच दर लावला तरी त्याचा एक रुपयाही बुडत नाही. एमवाल्याला सुमारे वीस रुपये जास्त पडतात, थ्री एक्सएलवाल्याचे नव्वदच्या आसपास वाचतात. शिवाय तीस शर्टांचे मार्कर, म्हणजे कापडावरची तुकड्यांची मांडणी, एकत्र लावले की मोठ्या मापांच्या मधल्या मोकळ्या जागेत लहान मापांच्या बाह्या, कॉलर, खिसे बसतात आणि एकूण कापड याहूनही कमी लागते. त्यामुळे ग्रुपच्या ऑर्डरला सरसकट एकच दर मागायचा, हे खजिनदारांनी पक्के धरावे. वर्गणी सगळ्यांनी सारखी काढायची आणि दोन धिप्पाड कार्यकर्त्यांकडून चारचौघांत तीनशे रुपये वेगळे मागायचे, हे बरे दिसत नाही. ते टाळता येते.

फक्त मोठ्या मापांचेच शर्ट विकणारी दुकाने असतात, त्यांची सरासरी वेगळी येणार. त्यांनी आपला दर त्यांच्या सरासरीवर बेतावा, त्यात गैर काही नाही.

जीएसटीमुळेही मापागणिक फरक अचानक वाढू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्याला १८ टक्के कर आहे. एखाद्या महागड्या विक्रेत्याने एम २४०० आणि थ्री एक्सएल २६०० रुपये लावला, तर करासह ते अनुक्रमे २५२० आणि ३०६८ होतात. दोनशेचा फरक ५४८ वर जातो. विक्रेत्याने मोठ्या मापाचे जादा शंभर रुपये सोडून तोच शर्ट २५०० ला ठेवला, तर ग्राहकाला तो २६२५ ला मिळतो. या किमतीच्या आसपास खरेदी करणाऱ्याने ही घासाघीस जरूर करावी.

किमतीइतकाच गोंधळ मापाचा आहे. ब्रँडेड फॉर्मल शर्टावर ४० लिहिलेले असते ते बऱ्याचदा कॉलरचे माप असते, सेंटिमीटरमध्ये. तेच ४० ऑनलाइन तक्त्यात छातीचे इंच म्हणून धरले की शर्ट घट्ट येतो. तक्ता अंगाचा आहे की तयार शर्टाचा, हेही पाहावे. छातीच्या मापाला तक्त्यात ४२ लिहिले आणि ते शर्टाचे माप असेल, तर ४२ इंच छातीच्या माणसाला तो अगदी घट्ट होईल. हवाईयन शर्ट मुळातच सैल असतो. अंगाच्या छातीपेक्षा शर्ट पाच ते सात इंच मोठा हवा. खात्रीची रीत अशी: अंगाला नीट बसणारा एखादा शर्ट बटणे लावून सपाट पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी मोजून दुप्पट करावी, ती छाती, मग खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि उंची कॉलरच्या मुळापासून खालच्या दुमडीपर्यंत घ्यावी. हे तीन आकडे तक्त्याशी ताडावेत आणि एस, एम, एल ही अक्षरे विसरावीत. परदेशी साइटवरच्या काही तक्त्यांत आपल्या एलएवढ्या शर्टालाही डबल एक्सएल म्हटलेले असते.

मोठ्या मापात आणखी एक दोष दिसतो आणि तो जादा पैसे देऊनही सुटत नाही. एमचा पॅटर्न संगणकावर सगळीकडून सारखाच फुगवून थ्री एक्सएल करतात. माणसाचे पोट आणि छाती वाढली म्हणून गळा आणि खांदा त्याच प्रमाणात वाढत नाहीत. मग खांदा दंडावर उतरतो, गळा मागे सरकतो आणि मुंढा इतका खोल जातो की हात वर केला की शर्ट सगळाच वर येतो. नीट ग्रेडिंग (एका मापावरून दुसरे माप बेतणे) केले तर घेर वाढवताना खांदा मापागणिक अर्धा ते पाऊण इंचच वाढवतात. चित्राचेही तेच. पॅटर्नबरोबर छपाईची फाईलही ताणली की एम मापावर तळहाताएवढे असलेले जास्वंदीचे फूल थ्री एक्सएलवर ताटाएवढे होते. फूल तेवढेच ठेवून नक्षी बाजूने वाढवायची असते. जादा पैसे घेणाऱ्याने निदान एवढे काम तरी केले पाहिजे.

हे शर्ट मूळचे होनोलुलूचे. १९३० च्या दशकात तिथल्या शिंप्यांनी जपानी किमोनोच्या कापडातून ते शिवायला सुरुवात केली आणि एलेरी चुन या व्यापाऱ्याने त्याच दशकात ‘अलोहा शर्ट’ हे नाव नोंदवले. उघडी सपाट कॉलर, खाली सरळ कापलेला घेर आणि खिशावरची नक्षी मागच्या नक्षीशी तंतोतंत जुळलेली, ही चांगल्या शर्टाची ओळख आजही तीच आहे. खिसा जुळवायला तेवढ्या जागेचे कापड हेरून कापावे लागते, त्यात थोडे वाया जाते. विक्रेत्याकडे प्रत्यक्ष शर्टाचा फोटो मागून खिसा आणि बटणपट्टी पाहावी. फुलाचे अर्धे पान पट्टीच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला भलतेच काही असेल तर कापण्याची घाई झालेली आहे. संगणकावर शर्टात बसवलेले चित्र पाहून यातले काही कळत नाही.

कापडाबद्दलही नेमके विचारावे. ‘सिल्क फील’, ‘सॉफ्ट कॉटन टच’ असे लिहिले असेल तर ते बहुधा पॉलिस्टर. सबलिमेशन पॉलिस्टरवरच बसते. १९० ते २०० अंशांना पाऊण ते एक मिनिट दाबले की रंग धाग्यात शिरतो आणि धुतल्याने जात नाही. मिश्र कापडावर फक्त पॉलिस्टरचा भाग रंगतो, म्हणून चित्र सुरुवातीपासूनच फिके दिसते. तयार शिवलेल्या शर्टावर सबलिमेशन केले असेल तर काखेत, कॉलरखाली आणि चुणीच्या जागी पांढऱ्या रेघा राहतात. म्हणून ‘कापून, छापून, मग शिवलेला’ आहे का, हे विचारून घ्यावे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र पॉलिस्टर अंगाला चिकटते. रेयॉन किंवा सुती कापड हवे असेल तर त्यावर सहसा रिअॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडल्या जाणाऱ्या रंगांची, डिजिटल छपाई करतात. छापल्यावर सुमारे १०२ अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटे आणि नंतर थंड, गरम, साबणाच्या पाण्याने धुलाई. या धुलाईत घाई केली की पहिल्याच धुण्यात पांढऱ्या जागेत रंग पसरतो. रेयॉन आटतेही. कापड आधी धुऊन घेतलेले नसेल तर २९ इंची उंची दीड-दोन इंचांनी कमी होऊ शकते. शंका आली तर आतल्या शिवणमार्जिनच्या कडेचा कापडाचा एक धागा (शिलाईचा दोरा नव्हे) काढून जाळून पाहावा. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळून राख होतात, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मोठ्या मापाच्या शर्टावर एवढ्या मोठ्या जागेत डीटीएफचा (फिल्मवर छापून कापडावर चिकटवलेल्या चित्राचा) थर दिला असेल तर तो नाकारावा. तो कापडाच्या वर बसतो, हवा जाऊ देत नाही आणि घड्यांवर तडकतो. खिशावरच्या नावापुरता डीटीएफ ठीक.

स्वतःचे चित्र द्यायचे असेल तर ते प्रत्यक्ष आकारात निदान १५० डीपीआयचे (इंचाला १५० ठिपके) हवे. २४ बाय ३० इंची पाठीसाठी ३६०० बाय ४५०० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. नेत्याचा, देवाचा किंवा नवरदेवाचा चेहरा पुढच्या मधोमध ठेवू नये, बटणपट्टी नाकावरून जाते. चेहरा पाठीवर घ्यावा आणि काखेच्या शिवणीपासून चार इंच आत ठेवावा. मोबाइलवर चमकणारे पोपटी आणि भगवे रंग कापडावर तेवढे तेजदार येत नाहीत. तीस-चाळीस शर्टांची ऑर्डर असेल तर रुमालाएवढा छापलेला तुकडा आधी मागवावा, तो एकदा धुवावा, मगच बाकीचे पैसे भरावेत. कासच्या फुलांची किंवा द्राक्षघडांची नक्षी घालून कोणी असे शर्ट केले तर ते खरोखर सुंदर दिसतील. तिथे तर रंगाचा नमुना पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

विटा आणि शेजारच्या इचलकरंजीत कापडाचे माग आहेत. कापड स्वतः घेऊन, डिजिटल छापून, गावातल्या शिंप्याकडून शिवून घेणे हा दहा शर्टांच्या पुढे गेलेल्या मंडळाला परवडणारा मार्ग आहे. तिथे मापाचा प्रश्नच उरत नाही.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत, त्यातील कर आणि इतर आकार वेगवेगळे दाखवून सांगायची आहे. एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव किंवा मनमानी वर्गवारी करून त्यांच्या हक्कांना बाधा आणू नये, असेही हे नियम सांगतात. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना ती वाढवणे याची ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत नोंद आहे. खास छापून घेतलेला शर्ट ‘परत घेतला जाणार नाही’ असे लिहिलेले असते. मन बदलले म्हणून तो परत होणार नाही, हे मान्य. पण शर्ट सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, उदाहरणार्थ तक्त्यात ५६ इंच आणि हातात ५२ इंच, तर विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. अर्धा ते एक इंच फरक मात्र शिवणकामात होतोच, त्यावर भांडू नये. ऑर्डर देतानाच मापाचा तक्ता, मापागणिक किमती आणि कापडाचे वर्णन यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्यावा आणि त्यात टेप लावलेली छाती स्पष्ट दिसू द्यावी. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, ही जबाबदारी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याची आहे. तिथे काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानेही भागले नाही तर सांगली किंवा सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते. विक्रेता कुठल्याही राज्यातला असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती चालते, दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतही आता बरेच तरुण इन्स्टाग्रामवरून अशा शर्टांच्या ऑर्डर घेतात. त्यांच्याकडे आमची मागणी एवढीच: प्रत्येक मापापुढे तयार शर्टाची छाती, खांदा आणि उंची इंचांत लिहा, त्याच ओळीत करासह किंमत लिहा, आणि हा तक्ता पहिल्याच पोस्टमध्ये टाका. मोठ्या मापाला जादा घेणार असाल तर किती सेंटिमीटर कापड जास्त लागते तेही लिहा. दहा शर्टांच्या वरच्या ऑर्डरला सरसकट एकच दर ठेवा.

आपले नम्र,
कापड, शिवणकाम आणि छपाई व्यवसायातील काही वाचक
विश्रामबाग, सांगली